रायाजी तांबटाने इस्टीलाचा हंडा केला त्याची हकिकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न. ऐरण, भाता आणि हातोडा या तिहींस साष्टांग दंडवत करोन, ज्यांचे घरी भांडे आहे आणि भांड्यात अन्न आहे त्या सर्वांस कळावे म्हणोन हकिकत लिहिली ती ऐसी. शके अठराशे चौऱ्यायशी, शुभकृत् नाम संवत्सरी समुद्रकाठच्या एका राज्यात हे वर्तमान घडले. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले की शेजारची चार राज्ये उठोन म्हणतात की हे आमचेच, आणि मग ती भांडणे लिहिणाराचे गळ्यात पडतात. गादीवर बाईसाहेब होत्या. मोजके बोलत, पुष्कळ पाहत, आणि मुदपाकखान्यात स्वतः जाऊन पातेल्याचे तळाशी पळी फिरवोन पाहण्याची त्यांस सवय होती, म्हणोन आचारी त्यांस सेनापतीहून अधिक भीत असत.

त्या वर्षी चैत्र शुद्ध नवमीस राज्याभिषेकाचे जेवण जाहले. पाच हजार पान बसले आणि वाढप सुरू जाहले आणि भातावर आमसुलाचे सार आले. सार शिजले होते तांब्याचे थोरल्या हंड्यात. हा हंडा सात पिढ्यांचा, आत चार माणसे उभी राहतील एवढा. आता तांब्याचा गुण ऐसा की ते चुलीवर भराभर तापते, दिसावयास देखणे, परंतु आंबटाशी त्याचे हाडवैर. म्हणोन आतून कथलाची कल्हई लावितात आणि ती झिजली की पुन्हा लावितात. त्या दिवशी कल्हई सर्वत्र धड होती, फक्त तळाशी तळहाताएवढी जागा उडाली होती, ती कोणाचे ध्यानी आली नाही. सार कळकले. पहिली पंगत उठोन हात धुते न धुते तोच ओकाऱ्या सुरू जाहल्या. देवाची कृपा म्हणोन कोणी दगावले नाही, परंतु बाईसाहेब स्वतः दोन दिवस पेजेवर होत्या, आणि परमुलखातले पाहुणे घरी जाऊन काय सांगतील या चिंतेने दरबारात कोणी मान वर करीना.

ती कल्हई रायाजी तांबटाचे हातची. रायाजी म्हणजे तांबटआळीचा पुढारी. सत्तर घरांची आळी, दिवसभर ठकठक चालू, आणि दरबारचे प्रत्येक भांड्याचे बुडावर आळीचा कमळाचा शिक्का मारण्याचा मान या एका आळीस. रायाजीचे वय छपन्न, दंड उखळाच्या मुसळासारखे, आणि चाळीस वर्षे हातोडा ऐकोन उजवा कान पार गेलेला, त्यामुळे तो कुजबुजला तरी वेशीपर्यंत ऐकू जात असे. भांडे गिऱ्हाइकास देण्याआधी तो बोटाच्या पेराने वाजवी आणि डावा कान लावोन ऐके. नाद बदलला तर भांडे परत भट्टीत. ऐशा माणसाचे हातून पाच हजारांचे पोटात विष गेले. तो त्या दिवसापासोन जेवायला बसे आणि दोन घास खाऊन उठे.

मग बाईसाहेबांनी रायाजीस बोलाविले. पुढ्यात एक काचेचा वाडगा, वाडग्यात लिंबाचा रस, आणि रसात शस्त्रवैद्याची एक बारीक सुरी. बाजूस त्रिंबकपंत, मुदपाकखान्याचे दारोगा, नाकाशी तपकिरीची चिमूट धरोन उभे. आणि एका परदेशी गलबताचा गुमास्ता. बाईसाहेब बोलिल्या, "रायाजी, ही सुरी आठ दिवस रसात आहे. बाहेर काढ आणि सांग." रायाजीने काढिली, पुसली, उन्हाकडे धरिली. डाग नाही, रस हिरवा नाही, वास नाही. तो म्हणाला, "ही चांदी नाही. लोखंड म्हणावं तर गंज नाही. काय आहे हे?"

गुमास्ता बोलिला, "यास स्टेनलेस स्टील म्हणतात. शंभर भाग धरा. पाऊणशेच्या आसपास आपले नेहमीचे लोखंडच, अठरा भाग क्रोमियम, आठ भाग निकेल. क्रोमियमास हवा लागली की ते अंगावर एक पापुद्रा धरते, दुधावर साय धरते तसा. तो दिसत नाही इतका पातळ, पण त्याखाली पाणी जात नाही, हवा जात नाही, म्हणून गंज नाही. ओरखडा पडला तर तिथे आपोआप नवा पापुद्रा येतो. क्रोमियम शंभरात दहा-अकराच्या खाली गेले की मात्र ही करामत बंद." आणि मग त्याने सांगितले की आमचे मुलखात याची वैद्यांची शस्त्रे होतात, ती उकळत्या पाण्यातून रोज काढिली तरी तशीच राहतात, आणि दुधाचे कॅन होतात, न्हाव्यांचे वस्तरे होतात, गलबतांचे कठडे होतात, आणि खाऱ्या वाऱ्यासाठी त्यात मॉलिब्डेनम म्हणोन आणखी एक धातू घालितात.

बाईसाहेब हसोन म्हणाल्या, "म्हणजे आपली कल्हई आपणच करून घेणारा धातू." हे वाक्य रायाजीचे छातीत शिरले. सात पिढ्या जे काम करोन आळी पोसली ते काम हा धातू फुकट, स्वतःचे स्वतः, कोणास न बोलाविता करितो. गुमास्ता पुढे म्हणाला की तयार हंडा गलबतातोन आणोन देऊ, तुमचे कारागिरांस हे जमण्याजोगे नाही. एवढे ऐकले आणि रायाजीचा आवाज आपोआप चढला. "हंडा आम्ही करू," तो म्हणाला, आणि बाहेर पागेतले घोडे कान टवकारोन उभे राहिले. बाईसाहेबांनी क्षणभर त्याजकडे पाहिले आणि हुकूम लिहविला की दसऱ्यास हंडा हजर करावा. डागळला, गळला अथवा अन्नास चव लागली, तर तांबटआळीचा शिक्का मोडावा आणि यापुढे दरबारची भांडी गलबतातोन यावी. कागद त्रिंबकपंतांचे दफ्तरी गेला.

मग इस्टीलाचे पत्रे आले आणि आळीने कंबर कसली. तांबे म्हणजे घरची लेक, ठोकले की कडक होते आणि तापविले की पुन्हा नरम होऊन सांगू तसे वळते. हे इस्टील म्हणजे रुसलेला जावई. ठोकावे तो अधिकच ताठर. तीन छिन्न्यांच्या धारा गेल्या आणि दोन हातोड्यांचे दांडे मोडले आणि काळोबा तांबटाने, जो आळीतला सर्वांत म्हातारा, त्याने पत्र्यास अशा शिव्या दिल्या की त्या येथे लिहिता येत नाहीत. परंतु रायाजी हटला नाही. विजेचे ठिणगीने सांधे जोडणे तो बंदरावर जाऊन शिकला, छपन्नाव्या वर्षी, आपले अर्ध्या वयाचे माणसास गुरुजी म्हणोन. इस्टील आचेस सुस्त, एका जागी तापते आणि बाजूस पोचवीत नाही, म्हणोन सार तळाशी लागेल, हे त्याने गुमास्त्याने न सांगता ओळखिले, आणि हंड्याचे बुडास बाहेरोन तांब्याचा जाड पत्रा चढविला. आत आंबट सोसणारे इस्टील, बाहेर आच वाटणारे तांबे. हे बूड बसले त्या दिवशी सर्व आळी पाहावयास आली आणि काळोबाने शिव्या मागे घेतल्या.

शेवटी दोन कामे राहिली. तांबटाचे हंड्याचे गर्दनीस हातोड्याने एकसारखे ठिपके उठविलेले असतात, त्यास मठारकाम म्हणतात. ते नसेल तर आळीतली बाई त्या भांड्यास भांडे म्हणत नाही. रायाजीने गर्दनीवर नऊ हजार ठोके स्वतः दिले. दुसरे काम चकाकीचे. तांबे चिंच आणि रेतीने घासले की उजळते, इस्टील काही दाद देईना. मग रायाजीने शेजारचे लोहाराकडोन गाडीचे चाकांच्या लोखंडी धावा खरडावयाची लोखंडी तारेची जुडी आणिली आणि तीन दिवस हंडा आतबाहेर स्वहस्ते घासला, दुसऱ्या कोणास हात लावू दिला नाही. तीन दिवसांनी हंड्यात तोंड दिसू लागले. रायाजीने आपले तोंड पाहिले आणि चैत्रापासोन पहिल्यांदा पोटभर जेवला. झाकण तेवढे त्याने थोरली सून गोजरा हिजकडे दिले. गोजरा मुदपाकखान्यात सार करणाऱ्या बायांत होती, आणि तिने ते आपले रीतीने नारळाचा काथ्या आणि राख घेऊन घासले.

हंडा दसऱ्याचे आधी चार दिवस राजवाड्याचे चौकात नेऊन ठेविला, शेजारी झाकण, आणि धूळ बसू नये म्हणोन दोहोंवर ओले फडके. दसऱ्यास शस्त्रपूजा जाहली आणि बाईसाहेब आल्या आणि सर्व दरबार उभा राहिला आणि त्रिंबकपंतांनी फडके ओढिले.

हंड्याचे अंगावर मसुरीएवढे तांबूस डाग होते. पोटावर, आत, ओठाजवळ, जेथे पाहावे तेथे. दोन डागांतोन ओघळ उतरले होते. चौकातली पाचशे माणसे माना उंचावोन पाहू लागली. मग गुमास्ता पुढे आला आणि खिशातोन लोहचुंबक काढोन म्हणाला की खरे इस्टील चुंबकास धरीत नाही, आणि त्याने चुंबक पोटास लाविला तो खाली घसरला, आणि गर्दनीस लाविला तो तेथे अल्लाद चिकटोन राहिला. गुमास्त्याने हात बाजूस घेतला तरी चुंबक तसाच. मागले रांगेत कोणी तरी हसले. रायाजीस ऐकू कमी येते हे खरे, परंतु ते हसणे त्यास ऐकू आले.

बाईसाहेब रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रायाजी, हे कशाने?" रायाजी एका डागावर अंगठा घासोन पाहू लागला. "आठ दिवस देते. दरबारात येऊन कारण सांग. मग हुकुमाचे बघू." इतके बोलोन त्या आत गेल्या, आणि रायाजी फडके हातात घेऊन हंडा झाकावा की न झाकावा याच विचारात कितीक वेळ उभा राहिला.

तिसरे दिवशी त्रिंबकपंत स्वतः तांबटआळीत आले. माणूस वाईट नव्हता, हे लिहिणे भाग आहे. तांब्यावर त्याचा जीव, हंडेघागरींत त्याची हयात गेलेली. ओट्यावर बसोन, तपकीर ओढोन, शिंकोन, मग म्हणाले, "रायाजी, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. दरबारात उभा राहा आणि एवढंच म्हण, की धातू आमच्या हवेला मानवत नाही. खारा वारा आहे, सोसत नाही त्याला. गुमास्त्याचा माल गुमास्त्याच्या गळ्यात. आपण पुन्हा तांब्यावर येऊ. कल्हई दर पंधरवड्याला करू, मी जातीनं बघेन. तुझा शिक्का राहतो, आळीचं काम राहतं. कोण उलट विचारतो?" काळोबा लगेच म्हणाला, "पंत सोन्यासारखं बोलले. ऐक त्यांचं, रायाजी. तुझ्या एका शब्दावर सत्तर भट्ट्या आहेत." बाकीची म्हातारी माणसे माना हलवू लागली. रायाजीने मनात तोलोन पाहिले. आणि खरे ते लिहितो, त्याचेही मन तिकडे झुकले. धातू परका. त्याची अब्रू राखावयास कोणी येणार नव्हते. तो म्हणाला, "बरं. बघतो."

पंत गेले आणि गोजरा पदर खोचोन पुढे आली. म्हणाली, "मामंजी, एक विचारू? माझं झाकण का नाही डागाळलं?"

"काय?"

"झाकण, मामंजी," ती मोठ्याने म्हणाली, तेव्हा शेजारचे दोन ओट्यांवर हातोडे थांबले. "तोच पत्रा, तोच चौक, तेच ओलं फडकं. हंड्यावर एवढे डाग, आणि झाकण आत्ता बघून आले, लख्ख आहे. हवा न मानवायला झाकण काय दुसऱ्या गावचं आहे?"

रायाजी चिडला. सुनेने भर ओट्यावर सासऱ्यास प्रश्न करावा, तोही बरोबर प्रश्न, हे कोणास आवडते. परंतु तो उठला आणि पायी राजवाड्यात गेला. आधी झाकण पाहिले, मग डोळ्यास भिंग लावोन हंडा पाहिला. डाग विखुरलेले नव्हते. रांगेने होते. आणि ती रांग कशी जाते हे पाहण्यासाठी त्याने आपला हात हवेत फिरविला, घासताना फिरतो तसा, खांद्यापासोन मनगटापर्यंत, आणि हात त्या रांगेवरोनच गेला.

घरी येऊन त्याने उरले पत्र्याचे दोन तुकडे घेतले. पहिल्याचा अर्धा भाग लोहाराचे तारेने घासला, अर्धा काथ्याने, आणि ओले फडके घालोन ठेविला. दुसऱ्यास चुंबक लाविला, तो चिकटेना. मग ऐरणीवर ठेवोन त्यास हातोड्याने थंडच ठोकिला, शंभर, दोनशे, तीनशे ठोके, आणि पुन्हा चुंबक लाविला, तो अल्लाद धरिला. म्हणजे गर्दनीत खोट नव्हती. मठारकामाचे मारानेच इस्टीलाचा स्वभाव तेवढ्या जागी पालटला होता, आणि तो पालटला म्हणोन धातू काही नकली होत नाही, हे त्यास कळले. दोन दिवसांनी पहिला तुकडा उघडिला. काथ्याची बाजू जशीची तशी, तारेचे बाजूस मसुरीएवढे डाग. तारेचे लोखंड झिजोन, धूळ होऊन, इस्टीलाचे अंगात रुतले होते. गंजत होते ते लोखंड. इस्टील नव्हे. आणि ते लोखंड तेथे घातले कोणी, तर तीन दिवस, दुसऱ्या कोणास हात लावू न देता, स्वहस्ते, रायाजीने.

काळोबास हे दाखविले. म्हातारा बराच वेळ तुकडा उलटसुलट करोन पाहत राहिला, मग खाली ठेवोन म्हणाला, "कळलं ना? झालं तर. आता गप्प बस. कळलेलं सगळं दरबारात ओकायलाच पाहिजे असं कुठाय? धातूवर ढकल आणि मोकळा हो. धातूला काय तोंड आहे?"

रायाजी म्हणाला, "काळोबाकाका, फुटकं भांडं मी कधी शिक्का मारून दिलं?"

"नाही दिलंस."

"मग फुटका शब्द कसा देऊ?" आणि त्यास फार भीती वाटत होती, ती त्याने लपविली नाही. तो ओट्यावर बसला तेव्हा गोजराने न विचारता पाण्याचा तांब्या आणोन ठेविला.

आठवे दिवशी दरबार भरला. रायाजी हात जोडोन उभा राहिला. त्रिंबकपंतांनी दुरोन डोळ्याने खूण केली की सांगितले तेवढेच बोल. रायाजी बोलिला, "बाईसाहेब, धातू निर्दोष आहे. चूक माझ्या हाताची." त्रिंबकपंतांचे चिमटीतली तपकीर सांडली. मग रायाजीने तुकडे मांडिले आणि तार मांडिली आणि काथ्या मांडिला आणि झाकण आणविले, आणि जे जसे घडले ते तसे सांगितले. गुमास्त्यास जवळ बोलावोन त्याचाच चुंबक त्याचेच हाती देऊन कोऱ्या तुकड्यास लाववला, मग तुकडा ठोकला, मग पुन्हा लाववला. गुमास्त्याने तीनदा लावोन पाहिला आणि चुंबक खिशात घातला. आणि एवढे केल्यावर रायाजी म्हणाला, "डाग जातील असं मला वाटतं. पण ज्यानं जातील ते मी आयुष्यभर भांड्यापासून लांब ठेवलं. मला लिंबाचं सत्व पाहिजे. बारा बरण्या. उकळतं."

दरबारात चुळबुळ जाहली. आंबटानेच चैत्रात घात केला आणि हा आंबटच मागतो. बाईसाहेबांनी नुसती मान हलविली. चौकात चूल पेटली, हंड्यात पाणी तापले, बरण्या आल्या. पहिली बरणी रिती करताना रायाजीचा हात अडला. चाळीस वर्षांचे वळण, आंबट म्हणजे वैरी, ते मनगटातोन जाईना. गोजरा बायांचे घोळक्यातोन म्हणाली, "ओता, मामंजी. लोखंडाची धूळ तेवढी खाईल ते. ज्यात क्रोमियम आहे त्याला काय करणार आहे?" आणि मग त्याने बाराही ओतल्या. आतून तर आतून, बाहेरचे अंगासही गरम सत्वात भिजलेली फडकी लपेटली, फक्त तांब्याचे बूड कोरडे राखिले. सहा घटका गेल्या. मग हंडा पालथा केला, गोड्या पाण्याने सात वेळ धुतला, पुसला, आणि उघड्या वाऱ्यास ठेविला, की इस्टीलाने आपली साय धरावी.

डाग नव्हते. बाईसाहेब म्हणाल्या, "आता नाहीत. ओले फडके घाला, चार दिवस थांबू." रायाजीने ते चार दिवस कसे काढिले ते त्याचे त्यास ठाऊक. पाचवे दिवशी फडके काढिले तो हंडा आरशासारखा स्वच्छ, आणि त्यात सगळा दरबार उलटा उभा.

मग त्यात आमसुलाचे सार रांधिले. गोजराने मीठ उकळी आल्यावर घातले, आधी नव्हे, कारण मीठ न विरघळता तळाशी बसोन राहिले तर हा धातूही टाचणीच्या टोकाएवढा टोचला जातो, आणि ज्याची थोरवी गावी त्याचे उणे लपवू नये. सार सकाळपासोन सायंकाळपर्यंत मुद्दाम हंड्यातच ठेविले. मग पळी बुडविली. रायाजी म्हणाला, आधी मी पितो. बाईसाहेब म्हणाल्या, "चैत्रात मी पहिली वाटी प्याले होते. आजही मीच." आणि प्याल्या. सर्वांचे प्राण डोळ्यांत आले. त्या म्हणाल्या, "मीठ थोडे कमी आहे." आणि मग म्हणाल्या, "बाकी आमसुलाखेरीज कशाचीही चव लागत नाही." तेव्हा रायाजी तेथेच फरशीवर बसला आणि पाचशे माणसांदेखत रडला, आणि त्यास त्याची लाज वाटली नाही.

आता हुकुमाचा प्रश्न राहिला. बाईसाहेबांनी विचारिले, "दसऱ्यास हंडा डागळला होता, हे खरे. मग शिक्क्याचे काय?" दफ्तर त्रिंबकपंतांकडे. पंतांनी कागद उलगडिला, दोनदा वाचिला, आणि खाकरोन म्हणाले, "हुकुमात अन्नाची अट आहे, गळण्याची आहे, डागाची आहे. अन्न शुद्ध आहे. गळत नाही. आणि डाग, तो धातूचा नव्हता, वरून पडलेला होता, आणि ज्याचा होता त्याने आपण होऊन सांगितला. माझे मत विचाराल तर शिक्का राहावा." आणि इतके बोलोन त्यांनी रायाजीकडे पाहिले नाही, तपकिरीचीच डबी उघडिली.

शिक्का राहिला. मग चालीप्रमाणे हंड्यावर नाव घालणे आले. आपले मुलखात भांडे घरात आले की त्यावर नाव पडते, कोणी दिले, कोणास दिले, कोणाचे आठवणीस, ठिपक्याठिपक्यांनी. बाईसाहेब म्हणाल्या, "हंड्यावर तुझे नाव घाल, रायाजी. मजकूर तुझा." कारकून लेखणी घेऊन बसला. रायाजीने सांगितला तो मजकूर ऐकोन कारकून थांबला आणि म्हणाला, "अहो, भांड्यावर चूक कोणी घालतं का?"

रायाजी म्हणाला, "नाही घातली तर माझ्यामागून जो करेल तो पुन्हा लोहाराची तारच आणेल. त्याला सांगायला मी का येणार आहे?" आणि छिन्नी त्याने स्वतः धरिली. बुडावर नव्हे, जेथे कोणी पाहत नाही. गर्दनीवर, मठारकामाचे मधोमध, जेथे पंगतीस बसणाराची दृष्टी प्रथम जाते. छिन्नीही लोखंडाचीच, म्हणोन एकेक अक्षर कोरले की त्यास लिंबाचे सत्वाचा बोळा लावी आणि मग पुढले अक्षर कोरी. दीड दिवस लागला. काळोबा शेजारी बसोन बोळे भिजवोन देत होता. अक्षरे ऐसी:

"हा हंडा रायाजी तांबट याने शके १८८४ दसऱ्यास केला. लोखंडी तारेने घासला म्हणून डागळला. चूक हाताची, धातूची नव्हे. काथ्याने घासावा."

येणेप्रमाणे हंड्याचे वर्तमान जाहले. पुढे त्या राज्यात इस्टीलाचे दुधाचे कॅन आले, दवाखान्याची शस्त्रे आली, मसाल्याचे डबे, पोळ्यांचे डबे, पाण्याची पिंपे आली, आणि लग्नातले रुखवत इस्टीलावाचोन मांडले तर वरपक्ष तोंड वाकडे करू लागला. आणि त्यांतली निम्मी भांडी कमळाचे शिक्क्याची होती. हंडा अद्याप चालता आहे, दर वर्षी पाच हजार पान त्यातोन उठते. लिहिणारा त्यातील सार स्वतः प्याला आहे आणि गर्दनीवरची अक्षरे त्याने स्वतः वाचिली आहेत. पहिले दोन शब्द हात लागोन लागोन गुळगुळीत जाहले, शेवटले वाक्य मात्र स्पष्ट आहे, कारण आळीतला जो तो नव्या कामास बसण्याआधी येऊन ते काथ्याने घासोन जातो.